जाताच आहेस तर…

वडीगोद्रीच्या फाट्यावर उभा असलेला माणूस, मनात आणलं तर, कुठंही जाऊ शकतो. समोरचा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५२ पंजाबातल्या संगरूरला सुरू होतो आणि कर्नाटकात अंकोल्याला, समुद्राजवळ जाऊन संपतो. एका बाजूला तोंड केलं तर संभाजीनगर, धुळे, इंदूर, जयपूर. दुसऱ्या बाजूला केलं तर शहागडचा गोदावरीवरचा पूल, बीड, सोलापूर, विजापूर, हुबळी. तिसरा रस्ता अंबडवरून जालन्याला जातो. फाट्यावर उभी असलेली बहुतेक माणसं या तिसऱ्या रस्त्याच्या गाडीची वाट बघत असतात, कारण तहसील अंबडला आहे.

महामार्गाचा नंबर पूर्वी २११ होता. जुनी माणसं अजून २११च म्हणतात, नवी ५२ म्हणतात आणि ट्रकवाले धुळे-सोलापूर म्हणतात. रस्ता चौपदरी झाला तेव्हा गाव आता जगाशी जोडलं जाणार अशी हवा होती. जोडलं गेलंही. फक्त जग भरधाव जातं, आणि थांबलंच तर चहाला थांबतं.

चहाला थांबणाऱ्यांत बहुतेक जण कामाचे असतात. मोसंबीचे व्यापारी, ऊसतोडीच्या टोळ्या, वऱ्हाडाच्या गाड्या, तुळजापूरला निघालेली क्रूझर आणि तिच्या टपावर बसवलेला एक नाराज मेहुणा. पण हल्ली एक नवी जमात दिसायला लागली आहे. गुडघ्यांना पॅड, हेल्मेटवर कॅमेरा, मोटारसायकलीच्या दोन्ही अंगांना पत्र्याच्या पेट्या, हँडलला रंगीत तिबेटी पताका. ही माणसं लडाखला जात असतात किंवा लडाखहून येत असतात. जाताना ती फार बोलतात, येताना पाठीला हात लावून बसतात.

अशाच एका पोराला आमच्या हॉटेलवाल्या आण्णांनी विचारलं, "कुठून आलात दादा?"

"सोलापूर. लडाखला निघालोय."

"काय काम काढलं?"

पोरगं गडबडलं. सोलापूर ते वडीगोद्री हा प्रश्न त्याला कोणी विचारला नसावा. "काम असं नाही काका," तो म्हणाला, "स्वतःला शोधायचंय."

आण्णांनी गाळणी आपटून चोथा काढला आणि अगदी मनापासून सांगितलं, "मग गोंदीला कळवून ठेवा. हरवल्याची तक्रार तिथंच घेतात. ही हद्द गोंदी ठाण्याची."

पोरगं हसलं. आण्णा हसले नाहीत. त्यांच्या दृष्टीनं ती पूर्ण आणि उपयोगी माहिती होती.

हा संवाद शेजारच्या बाकावर बसून आमच्या भाच्यानं ऐकला आणि घात झाला. भाच्याचं फाट्याजवळ कृषी सेवा केंद्र आहे. दिवसभर युरियाच्या गोण्या आणि कीटकनाशकाच्या बाटल्या यांच्यामध्ये बसून तो मोबाईलवर हिमालय बघत असतो. त्या रात्री जेवताना त्यानं जाहीर केलं, "मामा, असं जगून काय उपयोग? सकाळी शटर वर, रात्री शटर खाली. आयुष्यात काहीतरी थरार पाहिजे."

मी त्याच्या ताटाकडं बघितलं. भाकरी, पिठलं, ठेचा. ज्याला आमच्या ताईचा ठेचा रोज पचतो त्याला आणखी कसला थरार हवा, हे मला समजेना. पण पोरगं गंभीर होतं, म्हणून मी त्याच्याच आयुष्यातल्या थराराची उजळणी करून दिली.

शेतीपंपाची लाईट काही दिवस दिवसा असते आणि काही दिवस रात्री. रात्रीची पाळी आली की थंडीत बारा वाजता उठून मोसंबीला पाणी द्यायला जावं लागतं. पायात गमबूट, डोक्याला मफलर, एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात काठी. विहिरीजवळ पोचल्यावर स्टार्टरच्या पेटीवर आधी काठीनं दोनदा वाजवायचं, मग दार उघडायचं. कारण आत पाल असते, कधी बेडूक असतो आणि क्वचित बेडकाच्या मागावर आलेला दुसराच कोणी असतो. हिरवं बटण दाबायचं आणि कान देऊन ऐकायचं. मोटारीनं नुसता हुंकार दिला तर एक फेज गेलेली आहे. हुंकारही दिला नाही तर डीपी जळालेली आहे, आणि मग तो थरार आठ-पंधरा दिवस चालतो, त्यात वर्गणीही काढावी लागते.

मागच्या हिवाळ्यात आमचा भाचा असाच दारं धरत असताना बांधावर दोन डोळे चमकले. बिबट्याच्या बातम्या तेव्हा रोज यायच्या. भाचा जागच्या जागी थांबला, डोळेही थांबले. चिखलात रुतलेले गमबूट काढायचे तर आवाज होणार, बॅटरी विझवली तर अंधार होणार. बराच वेळ दोघं एकमेकांकडं बघत उभे. तोवर तिकडं पाणी वाफा फोडून शेजाऱ्याच्या कपाशीत गेलं. अखेर त्या डोळ्यांनी म्याव केलं. मांजर निघून गेलं, पण कपाशीवरून झालेलं भांडण उन्हाळ्यापर्यंत पुरलं.

"हेच पुण्याजवळच्या एखाद्या रिसॉर्टनं केलं तर त्याला नाईट ट्रेल म्हणतील," मी म्हणालो. "माणशी दीड हजार घेतील, वर सकाळी पोहे देतील. आपण का चालू करू नये? तारांकित आकाशाखाली सिंचनाचा अनुभव. गमबूट आमचे. सापाची हमी नाही, पण शक्यता दाट."

भाचा हसला नाही. "त्यात कसला आलाय थरार?" तो म्हणाला. "ते तर रोजचंच आहे."

मला हा मुद्दा तेव्हा पटला नव्हता, पण विचार केला तेव्हा पटला. थरार हा हौसेचा माल आहे. तो ज्याच्या घरी फुकट येऊन पडतो त्याला त्याची किंमत नसते. मोसंबीवाल्याचंच बघा. आंबे बहार धरायचा म्हणून ऐन हिवाळ्यात झाडाचं पाणी तोडायचं, पानं मलूल होऊ द्यायची आणि नेमक्या वेळी पाणी सोडायचं. कमी ताणलं तर फुलं नाहीत, जास्त ताणलं तर झाडच जातं. हा जुगार तो दरवर्षी खेळतो, तोही आपल्याच घरावर. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन मिळालं आहे, पण २०१२-१३च्या दुष्काळात त्याच मोसंबीला टँकरनं पाणी घालावं लागलं आणि ज्यांना टँकर परवडला नाही त्यांनी स्वतः वाढवलेल्या बागा स्वतःच तोडल्या. अशा माणसाला जाऊन विचारा, साहसी आयुष्य हवं का? तो म्हणेल, मला तलाठ्याची नोकरी हवी होती, ते काही जमतं का बघा.

म्हणूनच आमच्याकडची पोरं पुण्याच्या सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतात. ध्येय एकच, आयुष्यात पुन्हा काहीही अनपेक्षित घडू नये. पहिल्या तारखेला पगार, शनिवार-रविवारी सुट्टी, निवृत्तीनंतर पेन्शन मिळालं तर सोन्याहून पिवळं. आणि त्याच पुण्यातली, पहिल्या तारखेला पगार होणारी पोरं आयुष्यात काहीच घडत नाही म्हणून मोटारसायकल काढतात. ही दोन टोळकी नगरजवळ कुठंतरी एकमेकांना ओलांडत असणार. जाता जाता एकमेकांचं बिऱ्हाड बदलून घ्यावं असं त्यांना कसं सुचत नाही, कोण जाणे.

बरं, गावाच्या नशिबात घडामोडी नाहीत असंही कोणी म्हणू नये. शेजारच्या अंतरवाली सराटीत ऑगस्ट २०२३ मध्ये मनोज जरांगे पाटील मराठा आरक्षणासाठी उपोषणाला बसले, १ सप्टेंबरला लाठीमार झाला आणि दुसऱ्या दिवशी देशातल्या सगळ्या वाहिन्यांना अंबड तालुका नकाशात सापडला. पुढं जून २०२४ मध्ये खुद्द वडीगोद्रीत ओबीसी आरक्षणाच्या बचावासाठी लक्ष्मण हाके आणि नवनाथ वाघमारे उपोषणाला बसले. मंत्री आले, शिष्टमंडळं आली, डोक्यावर छत्री उलटी धरलेल्या वाहिन्यांच्या गाड्या आल्या. त्या दिवसांचं गांभीर्य आणि ताण गावानं सोसला, त्याची थट्टा करायची माझी प्राज्ञा नाही. पण माणूस कुठंही असला तरी माणूसच राहतो. आयुष्यात पहिल्यांदा माईक समोर आलेल्या एका म्हाताऱ्याला बातमीदारानं विचारलं, "बाबा, काय वाटतं तुम्हाला?" बाबांनी टोपी सारखी केली आणि उलट विचारलं, "आधी सांग, हे आत्ता दिसायलंय का मागून दिसणार? मागून दिसणार असंल तर धोतर बदलून येतो."

इतकं सगळं दारात येऊन गेल्यावरही आमच्या भाच्याला लडाखच हवं होतं, आणि का हवं होतं ते आता मला कळत होतं. बाकीचं सगळं त्याच्या अंगावर येऊन आदळलं होतं. लडाखला तो आपण होऊन जाणार होता.

मग घरात परवानगीचा ठराव मांडला गेला. आपल्याकडं घरचे 'जाऊ नको' असं कधी म्हणत नाहीत, हे लक्षात घ्या. ते म्हणतात, "जाताच आहेस तर…"

"जाताच आहेस तर," ताई म्हणाली, "संभाजीनगरला मावशीकडं लोणच्याची बरणी देऊन जा. सांडू नको."

"जाताच आहेस तर," दाजी म्हणाले, "धुळ्याला आत्याकडं मोसंबीची एक गोणी टाक. आणि इंदूरला सोयाबीन काय भावानं चाललंय ते मंडीत जाऊन बघ. फोनवर खरं सांगत नाहीत लोक."

आजीनं विचारलं, उज्जैन वाटेत लागतं का. लागत नाही, पण इंदूरपासून जवळ आहे, असं कोणीतरी नको तितकं खरं बोललं. लगेच महाकाळेश्वराचा अभिषेक यादीत आला, आजोबांच्या नावानं. शेजारच्या काकूंनी जयपूरची रजई सांगितली, सिंगल नव्हे डबल, आणि रंग सांगायला त्या संध्याकाळी पुन्हा आल्या. एका चुलत्यांचा चंडीगडला ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचा काहीतरी व्यवहार अडकला होता. तो निस्तरायचं ठरलं. रात्रीपर्यंत लडाख हे यादीतलं शेवटचं आणि ऐच्छिक काम उरलं.

असल्या यादीतून सुटण्यात आमच्या जालना जिल्ह्यात एकच माणूस यशस्वी झाला. घनसावंगी तालुक्यातल्या जांब गावी १६०८ साली जन्मलेले नारायण ठोसर, म्हणजे पुढचे समर्थ रामदास. लहानपणी ते फडताळात लपून बसले आणि आईनं विचारल्यावर जगाची काळजी करतोय असं म्हणाले, ही गोष्ट मराठी शाळेत गेलेल्या सगळ्यांना पाठ आहे. आमच्याकडं आता पोरं मोबाईल घेऊन कोपऱ्यात बसतात आणि विचारलं की 'काही नाही' म्हणतात, त्यावरून त्यांची काळजी नेमकी कशाची ते कळत नाही. तर बाराव्या वर्षी आसनगावच्या मांडवात, अंतरपाटाआड 'सावधान' ऐकलं आणि नारायण पसार झाले, असं परंपरा सांगते. नाशिकजवळ टाकळीला बारा वर्षं तपश्चर्या, त्यानंतर बारा वर्षं पायी भारतभ्रमण.

लोक यात वैराग्य बघतात. मला त्यात उत्तम नियोजन दिसतं. मांडवातल्या एकाही नातेवाइकाला 'जाताच आहेस तर' म्हणायला त्यांनी सवडच दिली नाही. विचारून निघाले असते तर? "नाशिकला निघालाच आहेस तर त्र्यंबकेश्वरी नागबळी उरकून घे, येताना तांब्याची दोन पातेली आण, आणि बारा वर्षं राहणारच आहेस तर धाकट्या मामाच्या पोराला सोबत ने, इथं वांड झालाय." टाकळीला तपश्चर्या झाली नसती, वसतिगृह झालं असतं.

याच्या अगदी उलट वाट पेणजवळच्या वरसईच्या विष्णुभट गोडसे यांची. घरावर कर्ज झालं होतं. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेत मोठा यज्ञ करणार, दक्षिणा चांगली मिळणार, अशी बातमी आली. म्हणून हे गृहस्थ काकांना घेऊन १८५७ साली निघाले. साल बघा! अर्थाच्या, म्हणजे पैशाच्या शोधात निघालेला हा भिक्षुक थेट बंडात सापडला. झाशीच्या वेढ्यात अडकला, लुटला गेला, जीव मुठीत घेऊन पळाला आणि घरी परतला तो गंगेची कावड घेऊन. त्यांचं 'माझा प्रवास' १८८३ साली लिहून झालं आणि छापून आलं १९०७ साली, चिंतामणराव वैद्यांमुळं. गोडशांनी थरार शोधला नव्हता. त्यांचं काम होतं, थरार वाटेत लागला. आणि माझ्या मते म्हणूनच ते पुस्तक इतकं वाचनीय आहे. झाशी पेटलेली असताना आपल्या वाट्याला काय आलं आणि काय गेलं याचा हिशेब त्या माणसाच्या डोक्यातून जात नाही. हेल्मेटवर कॅमेरा लावून गेलेल्याला हे जमत नाही, त्याचं सगळं लक्ष आपण कसे दिसतोय याकडं असतं.

हा कॅमेरा फार वाईट, थेट एव्हरेस्टपर्यंत पोचतो. तेव्हाच्या औरंगाबाद ग्रामीण पोलिस दलातले रफिक शेख २०१६ च्या मे महिन्यात एव्हरेस्टवर गेले. त्याआधी एकदा हिमस्खलनानं आणि एकदा नेपाळच्या भूकंपानं त्यांची मोहीम बुडवली होती. कॉन्स्टेबल माणूस. एव्हरेस्टचं मला कौतुक आहेच, पण पोलिसांच्या नोकरीत तितक्यांदा तितकी रजा कशी मंजूर होते, हे मला त्यांच्याकडून शिकायचं आहे. आणि त्याच महिन्यात एव्हरेस्ट सर केल्याचं पुण्यातल्या एका पोलिस दांपत्यानंही जाहीर केलं. फोटोही दाखवले. फोटो दुसऱ्याच गिर्यारोहकाचे निघाले, त्यात फेरफार केलेले. नेपाळ सरकारनं दोघांवर दहा वर्षांची बंदी घातली. भाच्याला मी हा किस्सा बोध म्हणून सांगितला. त्यानं तो पर्याय म्हणून ऐकला असावा, कारण थोडा वेळ गप्प राहून तो म्हणाला, "मामा, म्हणजे लडाखचा फोटो पण तसा…?"

"जा तू," मी म्हणालो. "जा एकदाचा."

निघण्याच्या दिवशी फाट्यावर अर्धं गाव होतं. मोटारसायकलीच्या एका बाजूला मोसंबीची गोणी, दुसऱ्या बाजूला लोणच्याची बरणी, ती हलू नये म्हणून भोवती गुंडाळलेलं त्याचं थंडीचं जाकीट. पताका लावायला जागा उरली नव्हती. ताईनं हातावर दही ठेवलं. आण्णांनी चहाचे पैसे घेतले नाहीत, आणि ही घटना फाट्याच्या इतिहासात नोंदवून ठेवण्यासारखी आहे. भाच्यानं हेल्मेट घातलं, समोर संगरूरकडं जाणाऱ्या रस्त्याकडं बघितलं आणि तेवढ्यात दाजींना आठवलं, अंबडला सातबाऱ्याची नक्कल तयार आहे, ती घेऊन त्याची झेरॉक्स धुळ्याला आत्याच्या मालकांना द्यायची आहे. त्यामुळं आमच्या भाच्याची लडाख मोहीम प्रथम अंबडला गेली.

पुढची खबर फोनवर येत राहिली. संभाजीनगरला मावशीनं जेवल्याशिवाय सोडलं नाही, मग रात्र झाली म्हणून सोडलं नाही. कन्नडच्या घाटात ट्रक बंद पडून रांग लागली. तिथं अडकलेल्या लोकांना त्यानं मोसंबी वाटली. आत्याची गोणी अर्धी झाली, पण त्याच्या आवाजात मी असा आनंद पूर्वी ऐकला नव्हता. अनोळखी ट्रक ड्रायव्हर, लहान पोरं, रात्रीची थंडी, खाली चाळीसगावचे दिवे. "मामा, थरार म्हणजे हाच का?" त्यानं विचारलं. मी म्हणालो, बरणी फुटली नाही ना ते बघ. तो म्हणाला, बरणी मावशीकडं दिली, आता माझं जाकीट लोणच्याचं झालंय.

धुळ्याला मात्र तो चार दिवस झाले तरी हलेना. विचारलं की "इथून निघतोच आहे" म्हणायचा. पाचव्या दिवशी आत्याचाच फोन आला. तिनं आपल्या परीनं एक काम त्याच यादीला जोडलं होतं. आलाच आहे तर एक स्थळ दाखवून टाकलं. आता आमच्या भागात पोरीकडच्यांची अट सगळ्यांना पाठ आहे: शेती पाहिजे, शेतकरी नको. दुकानदार चालतो, पण मनापासून नाही. त्यामुळं आम्ही फार आशा धरली नाही.

संध्याकाळी भाच्याचा फोन आला. आवाज बसलेला.

"मामा, जमल्यात जमा आहे. पोरगी हो म्हणाली. पण एक अट आहे तिची."

"नोकरी?"

"नाही."

"पुण्यात फ्लॅट?"

"नाही. लग्नानंतर लडाखला जायचं म्हणते."

"मग अडलं कुठं लेका? तुला तेच तर पाहिजे होतं."

तो जरा वेळ काही बोलला नाही. मागं आत्या कोणाला तरी मोसंबी सोलून देत असल्याचं ऐकू येत होतं.

"गाडी ती चालवणार म्हणते," तो म्हणाला. "आणि तिचे वडील म्हणाले, जाताच आहात तर अमृतसरला त्यांचा एक मित्र राहतो…"